इंटरनेट-दूरध्वनीतील अनामिकता व मौन: निदान आणि उपचार

इंटरनेटवरून चालणाऱ्या दूरध्वनीचे दोन विकार जालना जिल्ह्यात विशेष जाचक ठरतात: पलीकडे कोण आहे हे न कळणे, आणि पलीकडचा गप्प का आहे हे न कळणे. हे विकार अन्यत्रही आढळतात; परंतु जेथे मोसंबीचा सौदा दिल्लीच्या व्यापाऱ्याशी फोनवरच ठरतो आणि टनाचा भाव सांगितल्यानंतरची शांतता हे घासाघिशीचे निम्मे शास्त्र असते, तेथे यंत्राने आपल्या पदरची शांतता त्यात मिसळणे हे दुधात पाणी घालण्याच्याच जातीचे कृत्य होय.

प्रथम अनामिकतेचा विचार करावा. कॉलर आयडी म्हणजे येणाऱ्या कॉलबरोबर येणारी क्रमांकाची चिठ्ठी. इंटरनेट-दूरध्वनीत ती मूळची पाठवणाऱ्याच्या यंत्रणेने लिहिलेली असते आणि वाटेतील प्रत्येक नाक्यावर तिच्यात फेरफार होऊ शकतो. परदेशातून निघूनही +९१ चा मुखवटा घालून येणारे कॉल अडवण्याची यंत्रणा केंद्र सरकारला ऑक्टोबर २०२४ मध्ये उभारावी लागली, यावरून या चिठ्ठीची पत समजते. क्रमांकाआधी कधी ०, कधी ९१, तर कधी काहीच न आल्यामुळे फोनमधील नोंदीशी मेळ बसत नाही आणि ‘दाजी’ म्हणून जतन केलेला इसम नुसत्या आकड्यांच्या वेषात येतो. अशा वेळी जुन्या नोंदी +९१ लावून पुन्हा जतन कराव्यात; तोवर दाजींचा फोन न उचलल्याचे खापर यंत्रावर फोडता येते, ही सोय मात्र दुरुस्तीनंतर कायमची जाते.

फायबरच्या डब्याला जुना लँडलाइन संच जोडलेला असल्यास निदान निराळे. एका पद्धतीत क्रमांक पहिल्या व दुसऱ्या रिंगच्या मधल्या फटीत पाठवला जातो, तिला एफएसके म्हणतात. दुसरीत तो बटणांच्याच सुरांत, बहुधा रिंगच्या आधी येतो, ती डीटीएमएफ. डबा एक भाषा बोलत असेल आणि संच दुसरी, तर पडदा कोरा राहतो. म्हणून डब्याच्या सेटिंगमध्ये पद्धत बदलून पाहावी. तत्पूर्वी पहिल्याच रिंगला झडप घालणारी घरातील उतावळी व्यक्ती हुडकून तिला दुसऱ्या रिंगपर्यंत आवरून धरावे.

कॉल लागायलाच उशीर होत असेल तर दोष पुष्कळदा डब्याच्या सौजन्याचा असतो. शेवटचा आकडा दाबल्यावरही ‘आणखी काही दाबायचे आहे का’ म्हणून तो काही सेकंद ताटकळतो. अनेक डब्यांत क्रमांकानंतर # दाबले की ही प्रतीक्षा संपते. लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी ० दाबण्याचा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे, हेही विसरू नये.

आता मौन, म्हणजे बोलणे चालू असतानाचा विलंब. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे करून ते रवाना केले जातात. ते मागेपुढे पोहोचत असल्याने पलीकडचे यंत्र, पंगतीत वाढपी रेंगाळणाऱ्या पाहुण्यांसाठी थोडे थांबतात तसे, क्षणभर थांबून घेते आणि त्याहून उशिरा आलेल्याला उपाशी परत धाडते. एकतर्फी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. तो त्यापुढे बराच वाढला की दोघेही एकदम बोलतात, दोघेही एकदम थांबतात, आणि ‘बोला बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’ या लखनवी शिष्टाचारात मोंढ्याची वेळ निघून जाते. याहून घातक तुकड्यांची गळती, कारण मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो: सलग दहा-पंधरा तुकडे गळाले तर ‘एकवीसला जमत नाही’ यातील ‘नाही’ वाटेतच राहतो आणि दुसऱ्या दिवशी बागेच्या बांधावर ट्रक येऊन उभा राहतो.

उपचारार्थ राउटर सळयांच्या थप्पीआडून काढावा. ज्या वस्तूवर जालना शहर श्रीमंत झाले, तीच वायफायच्या लहरी अडवते. शक्य तर तार थेट जोडावी. सौदा चालू असताना चिरंजीवांनी लग्नाचे व्हिडिओ अपलोड करू नयेत. एकाच बाजूचे ऐकू येत असल्यास राउटरमधील ‘एसआयपी एएलजी’ ही सोय बंद करून पाहावी. मदतीच्या नावाखाली ती पाकिटांवरील पत्ते खोडते. तांब्याच्या जुन्या तारेला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट मिळत, फायबरच्या डब्याला तसे माहेर नाही. सबब लोडशेडिंगसाठी छोटा यूपीएस ठेवावा.

शेवटी चाचणी घ्यावी: अलीकडच्याने ‘एक’ म्हणावे, पलीकडच्याने ‘दोन’, असे दहापर्यंत. अंक आदळले नाहीत तर लगेच भाव सांगावा. त्यानंतरही पलीकडे शांतता पसरली, तर राउटर बंद-चालू करण्यात अर्थ नाही. टनामागे पाचशे रुपये उतरवून पाहावे.