दुकानातच तार दाबून बघा

पैठणात पखवाज घ्यायचा असेल तर खोडावरचं पॉलिश बघून कुणी पैसे मोजत नाही. माणूस पुडीवर थाप मारतो, शाई कुठे उकललीय का बघतो, वादी ओढून बघतो आणि जमलं तर एखादा जाणता वाजवणारा सोबत नेतो. नाथषष्ठीच्या दिंड्या बघत वाढलेल्या गावाला वाद्याची पारख शिकवायला नको. पण त्याच घरातली पोरगी गिटार मागते, तेव्हा ही सगळी पारख घरी ठेवून लोक पन्नास किलोमीटरवर संभाजीनगरला जातात आणि भिंतीवर टांगलेल्यांतली चकचकीत दिसेल ती उचलून आणतात. सहा महिन्यांत गिटार कपाटावर जाते. घरात निकाल लागतो, पोरीला नादच नव्हता. हा निकाल मला मान्य नाही. बऱ्याचदा खोट वाद्यात असते आणि शिक्षा पोरीला होते.

क्लासिकल गिटार म्हणजे नायलॉनच्या तारांची, रुंद गळ्याची. तारेची वाजती लांबी साधारण ६५० मिलिमीटर. हे माप एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या अंतोनियो दे तोर्रेस या कारागिराच्या गिटारींनी रूढ केलं. नव्या बोटांना नायलॉन सोसतं, म्हणून सुरुवातीला ही चांगली. मूल नऊ-दहा वर्षांचं असेल तर मात्र ५८० मिलिमीटरची, म्हणजे पाऊण मापाची घ्या. ‘मोठी घेतली की पुढेही चालेल’ हा हिशेब गणवेशाला ठीक, गिटारीला नाही. हात पोचलाच नाही तर मूल वाजवणार काय?

आणि ‘आवाज मोठा येईल’ म्हणत कुणी नायलॉनच्या गिटारीवर पोलादी तारा चढवून देत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. नायलॉनच्या सहा तारांचा एकत्र ताण चाळीस किलोच्या आसपास असतो, पोलादी तारांचा सत्तरच्या घरात जातो. तारा जिथे बांधतात तो ब्रिज वरच्या फळीवर नुसता चिकटवलेला असतो. तो उखडतो, नाहीतर वरची फळी फुगते. अशी गिटार विकणं ही ग्राहकाची फसवणूकच आहे.

आता खरा पेच. दुकानदार दोन गिटारी समोर ठेवतो. समजा, एक यामाहाची सी४०, वरची फळी प्लायची. दुसरी त्याच कंपनीची सीजी१२२, वरची फळी अखंड स्प्रूसची किंवा सीडरची, किंमत दुपटीहून जास्त. अखंड फळीचा आवाज अधिक भरीव आणि वर्षानुवर्षं वाजवली की आणखी खुलतो, हे खरं. पण ती फळी हवेबरोबर हलते. अखंड लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडीठाक होते. त्यात रात्री कूलरचा ओला झोत आणि दुपारी वीज गेली की भट्टी. या ओढाताणीत अखंड फळीला चीर जाते. ती जपायची तर पेटी हवी, पेटीत ओलावा राखायची सोय हवी आणि रोज लक्ष हवं. ज्याला अजून तारा जुळवता येत नाहीत, त्याच्या गळ्यात ही राखण कशाला बांधायची? पैठणसारख्या गावात पहिली गिटार प्लायचीच घ्यावी, असं मी ठामपणे म्हणतो.

मात्र कोणतीही घ्या, आधी तपासा. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी सोबत न्या. गळ्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. त्यातल्या बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे ते मोजा. बारीक तारेखाली तीन मिलिमीटर, जाड तारेखाली चार, एवढं पुरे. पाच-सहा निघाले तर बोटं सोलवटतील, सूरही चढेल. मग मोकळी तार छेडा आणि तीच बाराव्या फ्रेटवर दाबून छेडा. मोकळ्या तारेचा जो षड्ज, त्याचाच वरचा षड्ज यायला हवा. भजनात बसलेल्या कुठल्याही कानाला त्यातला फरक कळतो, त्यासाठी गिटार यायला लागत नाही. यानंतर एकेका फ्रेटवर प्रत्येक तार दाबत जा. कुठे खरखर आली तर ती गिटार बाजूला ठेवा. हे सगळं जेमतेम दहा मिनिटांचं काम आहे. या परीक्षेत महागडी नापास झाली आणि स्वस्तातली पास झाली, तर स्वस्तातली बेलाशक घ्या.

तार उंच असेल तर उपायही आहे. ब्रिजवरची सॅडलची पांढरी पट्टी बाहेर काढून खालून घासायची. पट्टी दोन मिलिमीटर उतरली की बाराव्या फ्रेटवर तार एक मिलिमीटर खाली येते. जाणत्या हाताला अर्धा तास पुष्कळ झाला. विक्रेत्यांनी हे गिऱ्हाइकाने न सांगता करून द्यायला हवं. वाद्य विकायचं म्हणजे वाजेल असं विकायचं. आईबापांनो, पैसे देण्याआधी हे काम तिथल्या तिथे करून मागा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. दोन गिटारींच्या किमतीतला जो फरक वाचेल, तो मुलीच्या शिकवणीला लावा.