वाघाला नातेवाईक नसतात

नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग साकोली आणि सौंदड मागे टाकून कोहमाऱ्याला पोचतो, आणि तिथं गाडीतल्या प्रत्येकाला अचानक स्वतःचं मत फुटतं. दोष चौकाचा आहे. इथून उत्तरेचा रस्ता गोरेगाववरून गोंदियाला जातो, दक्षिणेचा नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव करत वडशाकडे उतरतो, आणि नागझिरा तर मागेच साकोलीच्या बाजूनं आपली वाट पाहत राहिलेला असतो. तालुक्याचं नाव सडक अर्जुनी. या मुलखात सडक आधी आणि गाव नंतर. तेव्हा चहा आणि आलुबोंडे संपायच्या आत कुठं वळायचं ते ठरवणं भाग असतं, आणि बहुतेक कुटुंबांचं उत्तर घरून निघतानाच ठरलेलं असतं : जिकडं वाघ दिसेल तिकडं. माझं म्हणणं एवढंच, की एकट्यादुकट्या माणसानं हे उत्तर द्यायला हरकत नाही, पण आजी, आत्या, दोन काका आणि पाच मुलं असा लवाजमा घेऊन निघालेल्यांनी ते देऊ नये. कुटुंबानं जंगलात जायचं ते दुसरं कुटुंब पाहायला. आणि त्या कामाला वाघ अगदीच निरुपयोगी, कारण वाघाला नातेवाईक नसतात.

हे वाघाच्या बदनामीसाठी म्हणत नाही. नर वाघ आपला इलाका राखत एकटा हिंडतो. वाघीण बछड्यांना एकटीच वाढवते. बछडी दोनेक वर्षांची झाली की आपापल्या वाटेनं जातात आणि पुन्हा दिवाळीला येत नाहीत. याचा सगळ्यात मोठा दाखला नागझिऱ्याचाच आहे. ‘शोले’वरून नाव पडलेला ‘जय’ इथं जन्मला, आणि वयात येताच २०१३ मध्ये महामार्ग, नदी, गावं, शेतं ओलांडत शंभराहून अधिक किलोमीटर चालून उमरेड-कऱ्हांडल्याला जाऊन स्थायिक झाला. तिथं त्याचं नाव झालं, देशभरातून लोक त्याला पाहायला आले, आणि २०१६ च्या एप्रिलनंतर तो जो दिसेनासा झाला तो झालाच. हिंजवडीला नोकरीला गेलेला मुलगा निदान आईच्या मिस्ड कॉलला उत्तर तरी देतो. जयच्या गळ्यात सरकारनं रेडिओ कॉलर बांधली होती, तरी त्याची खबर मिळेना. अशा प्राण्याकडं बोट दाखवून मुलांना काय शिकवायचं? त्यात सफारीची जिप्सी. तीत माणसं मावतात सहा. नऊ जणांचं कुटुंब फोडून दोन गाड्यांत भरलं, की एका गाडीला वाघ दिसतो आणि दुसरीला त्याच्या पावलांचे ठसे. नंतर वीस वर्षं, प्रत्येक लग्नात, मांडवाच्या एका बाजूनं वाघाचं वर्णन चालतं आणि दुसऱ्या बाजूचे लोक जेवणात मीठ कमी असल्याचं सांगतात. भाऊबंदकी शेताच्या बांधावरून सुरू होते असं म्हणतात, पण ती जिप्सीतूनही होऊ शकते.

आता त्याच नागझिऱ्यातले रानकुत्रे पाहा. पुस्तकात त्यांना कोळसून म्हणतात. अंगानं तांबडे, शेपटी काळी आणि झुपकेदार. हे अभयारण्य त्यांच्यासाठी ओळखलं जातं, आणि तरीही जिप्सीतून ते दिसले की लोक निराश होऊन म्हणतात, “कुत्रेच आहेत.” इतका अन्याय खुद्द कुत्र्यांवरही होत नसेल. कळपात बहुधा एकीच मादीला पिल्लं होतात, पण ती वाढवतात सगळे जण. शिकारीला जाणारे जातात, एखाद-दुसरा पिल्लांपाशी राखणीला थांबतो, आणि परतलेले पोटातलं मांस उलटून पिल्लांना आणि राखणदारालाही भरवतात. हे वाचून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या घरातली आजी बाळाला वरणभात आधी स्वतःच्या तोंडात कालवून भरवायची, ते आठवावं. शिकारीवरही पहिली पंगत पिल्लांची. मोठी माणसं, म्हणजे मोठे कुत्रे, मागून जेवतात. शिवाय हे गावच्या कुत्र्यांसारखे भुंकत नाहीत. एकमेकांना शीळ घालून बोलावतात. एका माणसाची हाक दुसऱ्याला ऐकू जावी म्हणून आपण काय काय करतो ते बसस्टँडवर पाहिलेल्यांना या शिस्तीचं मोल कळेल. विसाव्या शतकात बराच काळ यांना मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. एकत्र कुटुंबपद्धती मोडण्याचे प्रयत्न आपल्याकडं किती जुने आहेत ते यावरून दिसतं.

रानगव्यांचं म्हणाल तर कळपाची सूत्रं बहुधा एखाद्या वयस्क मादीच्या हाती असतात. अगडबंब नर बराच वेळ एकटा कुठंतरी उभा असतो, आणि त्याचा चेहरा पाहिला तर ही व्यवस्था त्याला मान्य असावी असंच वाटतं. आणि वानर तर कोहमाऱ्याच्या रस्त्यालाच भेटतात. त्यांच्यात नवं पिल्लू जन्मलं की कळपातल्या साऱ्या मावश्या ते हातोहात घेतात, आई मोकळी होऊन चरून येते. बारशाला आलेल्या बायकांचं बाळाशी जे चालतं त्याचं याहून चांगलं शास्त्रीय निरीक्षण मला माहीत नाही. आणि यासाठी तिकीटही लागत नाही.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही : वाघ नसता तर हे जंगलच राहिलं नसतं. खरं आहे. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, पण नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा, कोका ही सगळी जंगलं एका नावाखाली आली ती २०१३ च्या डिसेंबरमध्ये, व्याघ्र प्रकल्प म्हणून. कोळसून प्रकल्प किंवा वानर प्रकल्प असं नाव दिलं असतं तर फाइल कुठल्या टेबलावर थांबली असती, याची कल्पना करावी. नवेगाव आणि नागझिऱ्याच्या मधून महामार्ग जातो, आणि इकडून तिकडं जायला जनावराला तो ओलांडावा लागतो, ही काळजीसुद्धा मंत्रालयापर्यंत पोचते ती वाघाच्या पायानं. तेव्हा वाघाचे उपकार मान्य. पण घरखर्च चालवणाऱ्याचा फोटो भिंतीवर लावतात म्हणून सगळं कुटुंब दिवसभर त्या फोटोपुढं बसत नाही. आणि वाघाचा संसार मांडायलासुद्धा इथं सरकारलाच मध्यस्थी करावी लागली. २०२३ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. एवढी ठरवून केलेली सोयरीक माणसांतही आता राहिलेली नाही. पत्रिका तेवढी जुळवली नसावी.

दुसरा आक्षेप कुटुंबाच्या आवाजाचा. जंगलात शांतता हवी आणि कुटुंब म्हणजे बोलणं, तेव्हा कुटुंबानं घरीच बसावं, असं एकटे जाणारे लोक म्हणतात. त्यांच्या बाजूनं साक्षीदारही मोठे आहेत. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिलं, मारुती चितमपल्लींनी ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलं, चिवड्याच्या पिशवीचा चुरचुर आवाज आणि “पाणी कोणाकडे आहे?” हा प्रश्न सोबत घेऊन असली पुस्तकं लिहून होत नाहीत. पण यातून कुटुंबाला गप्प बसताच येत नाही असा निष्कर्ष काढणाऱ्यानं झाडीपट्टीची रंगभूमी पाहिलेली नाही. दिवाळीनंतर या भागात गावोगावी नाटकं होतात, वडसा हे त्यांचं केंद्र. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. तंबूत तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत सगळे, अंगावर घोंगडी-चादरी. तरी सासू सुनेला घराबाहेर काढते त्या प्रवेशाला तंबूत टाचणी पडली तर ऐकू यावी. म्हणजे कुटुंब गप्प बसतं, रात्रभर बसतं, फक्त समोर दुसऱ्या कुटुंबाची गोष्ट चाललेली हवी. वाघाच्या नाटकात पात्र एकच, तेही बहुधा पडद्याआड. प्रेक्षक चुळबुळ करणार नाहीत तर काय?

आणि जिथं थोडं बोललेलं चालतं अशी जागा हवी असेल, तर कोहमाऱ्याहून दक्षिणेला वळावं. हा सगळा मुलूख तळ्यांचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी इथं तलाव बांधले; पुढं ते मालगुजारांच्या ताब्यात गेले; १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून कागदोपत्री त्यांचं नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि एवढं लांब नाव रोज कोण लिहिणार म्हणून अधिकारीसुद्धा म्हणतात ‘मामा तलाव’. प्रशासनाच्या हातून घडलेला हा बहुधा एकमेव विनोद, आणि तोही नकळत. सुटीत मुलांना घेऊन मामाकडं जावं हे इथं शासनमान्य आहे. नवेगावचा बांध या परंपरेतला थोरला. तो कोलू पाटील कोहळी यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घातला असं सांगतात. पाण्याचा विस्तार सुमारे ११ चौरस किलोमीटर, आणि भोवतालच्या सात टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात. एका बाजूला मामा, भोवती सात मावश्या! इतकं नात्यातलं जंगल सोडून लोक एका एकलकोंड्या जनावराच्या मागं पेट्रोल जाळतात. हिवाळ्यात इथं हिमालयापलीकडून बदकं येतात, आगाऊ आरक्षण न करता. आणि झाडांवर बगळे, ढोकरी, पाणकावळे जिथं दाटीवाटीनं घरटी करतात त्या जागेला चितमपल्लींनी ‘सारंगागार’ असा देखणा शब्द दिला. मला विचाराल तर ती चाळ आहे. एकाच जिन्यावर चार बिऱ्हाडं, वरच्याची विष्ठा खालच्याच्या दारात, काटक्या चोरल्यावरून भांडणं, आणि सगळ्यांची पोरं एकाच वेळी भुकेनं ओरडणारी. काठावरून दुर्बिणीनं पाहणाऱ्या आत्याला इथं समजावून सांगावं लागत नाही. तीच बाकीच्यांना समजावते, कोणाचं कोणाशी का पटत नाही ते.

कोणी म्हणेल, हे सगळं वाघ न दिसलेल्यांचं समाधान झालं. तसं असेलही थोडं. पण मग एकदा पावसाळ्यात यावं, जेव्हा सफारी बंद असते आणि समाधान करून घ्यायलाही वाघ शिल्लक नसतो. कोहमाऱ्याहून उत्तरेला, गोरेगाव ओलांडून गोंदियाच्या पलीकडं, परसवाडा, झिलमिली या तळ्यांच्या आसपास धानाच्या बांध्यांमध्ये सारस असतात. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः याच जिल्ह्यात, आणि तेही इतके थोडे, की एका मध्यम लग्नाच्या पंगतीत मावतील. उभा राहिला तर पक्षी माणसाच्या खांद्याला लागतो. जोडी एकमेकांना धरून राहते, अंडी दोघं आळीपाळीनं उबवतात, महिनाभर. घरटं शेतकऱ्याच्या उभ्या धानात, चार ओळींचं नुकसान करून. आणि शेतकरी ते सोसतो, उलट राखण करतो. गोंदियाची सेवा संस्था वर्षानुवर्षं या शेतकऱ्यांना सोबत घेऊन घरट्यांवर लक्ष ठेवते. अशा ठिकाणी नऊ जणांनी बांधीत उतरायचं नाही, हे उघड आहे. घरट्याजवळ गर्दी झाली तर पक्षी उठतो आणि अंडी उघडी पडतात. लांबच्या धुऱ्यावरून पाहायचं, आणि फोटो चांगला आला नाही म्हणून कुरकुरायचं नाही.

सारसाच्या बाबतीतही चिकित्सक वाचक एक खोडा घालील. पिल्लू पुढच्या विणीच्या सुमाराला आईबापांपासून सुटं होतं, कधी कधी हाकललंही जातं. मग वाघात आणि यांच्यात फरक काय? फरक आहे तो आधीच्या महिन्यांचा. पुढं एक, मागं एक आणि मधे गुडघाभर चिखलात धडपडणारं तांबूस पिल्लू, असं ते त्रिकूट बांधीतून चाललेलं असतं. मोटरसायकलवर टाकीपाशी मुलगा आणि मागं बायको घेऊन कोहमाऱ्याच्या आठवडी बाजारातून परतणाऱ्या माणसाला ते दाखवलं, तर त्याला त्यात नवल वाटणार नाही. एवढ्यात त्या पक्ष्यांतला एक मान वर करतो, दुसरा त्याला साथ देतो, आणि दोघं मिळून अशी साद घालतात, की धुऱ्यावरची पाचही मुलं बोलायची थांबतात. दहावीतला मोबाइलमधून डोकं काढतो. आजी मात्र फारशी हललेली नसते. तिनं सावली शोधून शिदोरी सोडलेली असते, आणि पहिली पंगत मुलांची.