शरणपूरचा जेकब

थोरामोठ्यांच्या पायधुळीवर आम्हा नाशिककरांचा वडिलोपार्जित हक्क आहे. रामाने पर्णकुटी बांधली ती इथे, लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं तेही इथेच. फाळके त्र्यंबकचे, सावरकर भगूरचे, आणि कुसुमाग्रज तर काय, घरचेच. कुणी नामवंत गोदेत पाय बुडवून गेला, की पुढच्या पिढीपर्यंत तो पक्का नाशिककर झालेला असतो. अशा हावऱ्या गावाने जेकब वेनराइटवर मात्र कधी हक्क सांगितला नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

शरणपूर रोड ठाऊक नसलेला नाशिककर नाही. दवाखाने, शोरूम आणि गाडी लावायला जागा नाही, एवढी त्याची आजची ओळख. पण ज्या शरणपूरचं नाव त्याला मिळालं, ते चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास वसवलेलं ख्रिस्ती गाव. अरबी समुद्रात इंग्रजांचं आरमार गुलामांची गलबतं पकडी, आणि त्यातली सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवी. त्यातली बरीचशी शरणपूरला पोहोचली. तिथे अक्षरओळख, बायबल, सुतारकाम, लोहारकाम शिकून ती मोठी झाली. जेकब त्यांतलाच, याओ जमातीचा. आईबापांनी ठेवलेलं नाव कुठे गेलं कोण जाणे, बाप्तिस्म्यात जेकब मिळालं.

१८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन नाईलचा उगम शोधायला निघाले, तेव्हा शरणपूरच्या नऊजणांना बरोबर घेऊन गेले. साहेबांच्या रोजनिशीत या नाशिकवाल्यांबद्दल तक्रारी आहेत. त्यांत आळसाची तक्रार ठळक. वाचून मला राग आला नाही, उलट ओळख पटली. दुपारच्या झोपेची सवय आमच्या मातीतून लागते, ती अंगातून जाता जात नाही.

जेकब गेला तो १८७२ मध्ये लिव्हिंगस्टनच्या मदतीला धाडलेल्या तुकडीतून. त्याच्यासह शरणपूरचे सहाजण होते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारले. नोकरांनी प्रेत तिथेच पुरून घर गाठलं असतं, तर त्यांना कुणी बोल लावला नसता. त्यांनी काळीज झाडाखाली पुरलं. देह मीठ लावून उन्हात वाळवला आणि सालीत, शिडाच्या कापडात गुंडाळला. काळजावर अंत्यविधीची प्रार्थना म्हटली ती जेकबने. साहेबांच्या सामानाची यादी केली तीही त्यानेच. झाडावर साहेबांचं नाव, तारीख आणि साथीदारांची नावं कोरली तीही त्यानेच. कोरलेली तारीख ४ मे आहे, इतिहासकार बहुधा १ मे धरतात. रानात पंचांग कुठून येणार? त्या साथीदारांच्या नावांत जेकबचं स्वतःचं नाव नाही. आपल्याकडे पाणपोईच्या नळावरसुद्धा देणगीदाराचं नाव असतं, हे आठवलं की त्या झाडाला हात जोडावेसे वाटतात. त्या झाडाचा कोरलेला तुकडा आता लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत आहे.

मग चुमा आणि सुसी या साहेबांच्या जुन्या नोकरांच्या पुढारपणाखाली तांडा समुद्राकडे निघाला. वाट हजार मैलांहून अधिक. वाटेत टाबोऱ्याजवळ कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. देह इथेच पुरा, असं त्याने सुचवलं. यांनी मानलं नाही. पुढे एका मुलखात प्रेत नेऊ देईनात, तेव्हा यांनी काठ्यांचं खोटं प्रेत बांधून मागे धाडलं आणि खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून पुढे नेला. जकात नाक्यावर आमच्याकडे वर्षानुवर्षं जे चालायचं, ते इतक्या पवित्र कामासाठी वापरलेलं मी दुसरीकडे वाचलं नाही.

फेब्रुवारी १८७४ मध्ये ते किनाऱ्यावरच्या बागमोयोला पोहोचले. इंग्रज अधिकाऱ्यांनी देह ताब्यात घेतला आणि बहुतेकांना पगार देऊन वाटेला लावलं. चर्च मिशनरी सोसायटीने भाडं भरलं म्हणून जेकब तेवढा इंग्लंडला जाऊ शकला. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या आठ मानकऱ्यांत तो होता, सात गोऱ्यांमध्ये एकटा आफ्रिकन. चुमा-सुसी पोहोचले तेव्हा अंत्यविधी उरकला होता.

इंग्लंडात सभासभांतून भाषणं झाली, आणि काही मंडळींना तो शिष्ट वाटू लागला. प्रार्थना म्हणणारा, यादी करणारा, इंग्रजीत रोजनिशी लिहिणारा तरुण माणूस मान वर करून बोलला, तर तो शिष्टपणा! मला तर तोच भाग सगळ्यात आवडतो. पुढे आफ्रिकेत मिशनची कामं करत तो १८९२ मध्ये उरांबो इथे वारला.

बाकीच्यांची हकीकतही लहान नाही. प्राइससाहेबांनी मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांची फ्रेअरटाऊन वसाहत उभी केली. तिथे शिक्षक, लोहार, धर्मोपदेशक म्हणून नाशिकला शिकलेलेच उपयोगी पडले. विल्यम जोन्स त्यांतला. १८८५ मध्ये त्याला दीक्षा देणारे बिशप हॅनिंग्टन त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर मारले गेले, आणि उरलेला तांडा सुखरूप परत आणला तो जोन्सने. मॅथ्यू वेलिंग्टन तर १९३५ पर्यंत मोंबासाला होता. लिव्हिंगस्टनचा देह वाहणारा माणूस बोलपटाच्या जमान्यापर्यंत जगला!

चर्चच्या इतिहासात बिशपांना प्रकरणं मिळतात आणि ओझं वाहणाऱ्यांना तळटीप. आमच्या इतिहासात तीही मिळालेली नाही. नाशिकला चौकांची कधी वाण नव्हती, आणि नावं देण्याची हौस तर त्याहून दांडगी. शरणपूर रोडवरचा एखादा बिननावाचा चौक जेकब वेनराइटला द्यावा, एवढीच नगरकरांना आणि महापालिकेला विनंती. पाटी मराठीत असावी, आणि उद्घाटकाचं नाव जेकबच्या नावाहून लहान अक्षरांत.