नियम तुमचा, शिक्का आमचा

युरोपात विजेचा नियम जन्माला येण्याची रीत ठरलेली आहे. एखादा देश तो आधी स्वतःपुरता करून बसतो. मग शेजारी बोंब मारतात, युरोपीय आयोग चौकशी लावतो, प्रकरण कोर्टात जातं. आणि दहाएक वर्षांनी तोच नियम ‘समस्त युरोपची दूरदृष्टी’ म्हणून सर्वांच्या गळ्यात पडतो.

ब्रिटनचंच बघा. १९९० मध्ये थॅचरबाईंच्या राज्यात त्यांनी आपलं सरकारी वीजमंडळ मोडलं आणि ‘भाव बाजार ठरवेल’ हा मंत्र दिला. युरोपने १९९६ मध्ये वीजबाजार खुला करण्याचा पहिला निर्देश काढला. इकडे गुरूचंच मन बदललं. २०१३ च्या कायद्यात ब्रिटनने भाव सरकारी करारानेच बांधून टाकायची सोय केली. बाजारभाव खाली गेला तर फरक ग्राहकांच्या बिलातून कंपनीला, वर गेला तर कंपनीने परत करायचा. बाजारावरची श्रद्धा मात्र अढळ, हे सांगायला नकोच.

हिंकले पॉइंटच्या नव्या अणुप्रकल्पाला असा भाव मिळाला: मेगावॉट-तासाला ९२.५० पाउंड, तोही २०१२ च्या किमतींनुसार, पुढं महागाईप्रमाणे वाढता आणि ३५ वर्षं पक्का. (२०१७ च्या नाताळात लोक याच विजेवर टर्की भाजतील, असं कंपनीच्या प्रमुखांनी २००७ मध्ये सांगितलं होतं. प्रकल्पाचं बांधकाम अजून चालू आहे. टर्की बहुधा शाकाहारी झाली असावी.)

आयोगाने २०१४ मध्ये या कराराला मंजुरी दिल्यावर ऑस्ट्रिया कोर्टात गेला. हा देश अधिकारवाणीने बोलणारच. त्याने स्वतःचा अणुप्रकल्प पूर्ण बांधून, १९७८ मध्ये जनमत घेऊन, एकदाही चालू न करता ठेवून दिला. खटला सप्टेंबर २०२० मध्ये निकाली निघाला. ब्रिटन जिंकला. तोवर तो युरोपीय संघातून बाहेर पडून आठ महिने होत आले होते.

मग २०२२ मध्ये गॅस भडकला, विजेचे भाव आकाशाला भिडले आणि ब्रसेल्सला साक्षात्कार झाला: अरे, असा दोन्ही बाजूंनी बांधलेला करार हवाच! ब्रिटनमधल्या काही पवनचक्कीवाल्यांनी त्या तेजीत करार लागू होण्याची तारीखच पुढं ढकलून बाजारभावाची मलई खाल्ली होती. पण साक्षात्काराला असले बारीक तपशील दिसत नसतात. २०२४ च्या सुधारणेत ठरलं, की नव्या पवन, सौर, अणुप्रकल्पांना सरकारने भावाचा आधार द्यायचा तर जुलै २०२७ पासून तो याच धर्तीवर. भांडून सोसायटी सोडून गेलेल्या सभासदाची टाकीच्या पाण्याची योजना पुढच्या सभेत एकमताने मंजूर व्हावी, तसं झालं.

आता तो सभासद परत दारात आहे. मे २०२५ मध्ये लंडन आणि ब्रसेल्स यांनी ठरवलं, की युरोपच्या सामाईक वीजबाजारात ब्रिटनला पुन्हा घेता येईल का ते तपासून पाहू. ब्रसेल्सची अट साधी आहे: नियम आमचे पाळायचे, आणि ते बनवताना तुम्हाला मत नसेल.