तरुण संघाचे काका

रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला माणूस एक वेळ टोपी सोडेल, पण शिट्टी सोडणार नाही. आमच्या दौंडच्या तरुण संघाचे काका ती अजून खिशात बाळगतात. उपासना संपून पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, की मागच्या खोलीत शिट्टी वाजते आणि दहावी-बारावीची पोरं मोबाइल लपवत चटईवर बसतात. असे काका प्रत्येक मंडळीत सापडतात. शिरूरलाही एक आहेत, पण ते शाळामास्तर, त्यामुळे तिथं शिट्टीऐवजी खडू.

काकांचं वैर एकाशीच. त्याला ते 'शेलिब्रेटी' म्हणतात.

"डोकं दिलं प्रभूनं, आन् कटिंग विराटची!" हे प्रत्येक नव्या पोराचं स्वागत. मग स्तोत्र 146, वचन तिसरं. राजेरजवाड्यांच्या भरवशावर राहू नका, अशा अर्थाचं ते वचन पोरांना इतकं पाठ आहे, की काका "एकशे..." म्हणताच बाकीचं तीच म्हणून टाकतात. शेवटी काकांचा ठेवणीतला विनोद: "येशूला फॉलोअर किती? बारा! त्यातला एक अनफॉलो करून गेला." परवा मागच्या रांगेतून आवाज आला, "आणि पेत्रानं तीनदा ब्लॉक केलं." काका हसू दाबायला खोकले. पुढच्या रविवारी तेच वाक्य त्यांनी स्वतःचं म्हणून शिरूरच्या मेळाव्यात वापरलं!

आता गंमत अशी, की शेलिब्रेटी हटवायला काका शेलिब्रेटीच आणतात. "विजय हजारे कोण? सांगलीचे. आपल्यातले. 1948, अॅडलेड, दोन्ही डावांत शंभर! चंदू बोर्डे? पुण्याचे. आपल्यातले." हे सांगताना छाती अशी फुगते, जणू दोघांना नेटमध्ये चेंडू यांनीच टाकले होते.

वर्षातून एकदा सगळ्यांना शटलमध्ये घालून केडगावला नेतात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. तिथं मात्र त्यांचा आवाज खाली येतो. बाईंनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, इथल्याच बायकांनी खिळे जुळवून ते छापलं, हे सांगताना चष्मा दोनदा पुसतात. त्याआधी अमेरिकेत त्यांची व्याख्यानं ऐकायला गर्दी व्हायची, हेही सांगतात.

"मग त्या शेलिब्रेटीच की, काका," एक मुलगी म्हणाली.

"होत्या ना. पण गर्दी तिकडं ठेवून इकडं प्रुफं तपासत बसल्या."

हे त्यांना आयत्या वेळी सुचलं होतं. माझ्या मते त्यांच्या साऱ्या प्रवचनांतलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच, आणि ते त्यांनी पुन्हा कधी वापरलं नाही.

मग आली 30 ऑक्टोबर 2025 ची रात्र. महिला क्रिकेट विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर ऑस्ट्रेलिया, जिंकायला 339, आणि जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद 127. सामना संपल्यावर तिनं आधी येशूचे आभार मानले. या दौऱ्यात आपण जवळपास रोज रडलो, हेही सांगून टाकलं. रविवारी शिट्टी नेहमीपेक्षा लांब वाजली. वचन नाही, विराट नाही, नुसती जेमिमा. "रडली म्हणून सांगते, बघा! रडायला लाजू नका. पण कुणाजवळ रडायचं ते तिला ठाऊक आहे." एरवी चुळबुळणारी पोरं गप्प ऐकत होती. बोर्डाच्या परीक्षेच्या धास्तीनं आदल्याच आठवड्यात रडलेला एक जण त्यांत होता.

तास संपल्यावर काकांनी त्या केडगाववाल्या मुलीला बाजूला घेतलं. "अगं, तिचे फोटो कुठं बघायला मिळतात?"

"इन्स्टाग्रामवर. अकाउंट काढावं लागेल, काका."

"फॉलो नाही करायचं हां. नुसतं बघायचंय."

संध्याकाळपर्यंत अकाउंट झालं, फोटोला बायबल लावलं, फॉलोइंग एक. सगळ्या तरुण संघानं ते बघितलं.

"काका, आधी येशूला नाही का फॉलो करायचं?"

"शोधलं मी," काका चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "त्याच्या नावानं शेकड्यानं आहेत. सगळी फेक."