नम्रतेचे मानकरी

बेंगळुरूच्या कॅन्टोन्मेंट भागात रविवारची इंग्रजी उपासना सुटली की चर्चच्या आवारात तमिळ, कन्नड, मल्याळम आणि इंग्रजीचा एकच गलका होतो. त्यातून "सलाम, भाऊ!" असा खणखणीत आवाज आला की समजावे, काका आले. मूळचे नगरचे. कारखान्यातल्या नोकरीपायी इकडे आले आणि निवृत्त होऊन इथलेच झाले. नगरचे अहिल्यानगर झाले, फ्रेझर टाउनचे कागदोपत्री पुलकेशीनगर झाले, काकांच्यात मात्र काडीचा बदल नाही. एकदा तारण झालेल्या माणसाने आणखी सुधारायचे ते काय?

"मी म्हणजे मंडळीचं पायपुसणं," हे त्यांचे आवडते वाक्य. पायपुसणे कुठे टाकायचे हे मात्र तेच ठरवतात: डावीकडून दुसरा बाक, मधल्या वाटेलगत. एकदा तिथे कुणी पाहुणे सहकुटुंब येऊन बसले. काका चकार शब्द बोलले नाहीत. पहिल्या गीतापासून आशीर्वादापर्यंत शेजारच्या खांबाला टेकून उभे राहिले आणि जो कोणी 'बसा' म्हणेल त्याला "असू दे, मला सवय आहे" असे सांगत राहिले. ते पाहुणे पुन्हा दिसले नाहीत.

उपदेश चालू असताना काका वहीत टिपणे काढतात. पण प्रत्येक उपदेश त्यांना चुकून आपल्या दारात पडलेल्या टपालासारखा वाटतो, आणि तो खऱ्या मालकापर्यंत पोचवायची जबाबदारी ते मनापासून घेतात. रागावर उपदेश झाला की दुपारच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवरून खजिनदारांकडे जातो, लोभावर झाला की व्याह्यांकडे. परूशी आणि जकातदार यांचा दाखला झाला त्या रविवारी त्यांनी मला कोपऱ्यात घेतले. आठवड्यातून दोनदा उपास करणारा, दशमांश देणारा आणि ते देवाला ऐकवणारा तो परूशी. "आपल्या मंडळीत असे किती निघतील?" काकांनी विचारले. मी म्हटले, "तुम्हीच सांगा." ते बोटांवर मोजू लागले. दोन्ही हात पुरले नाहीत.

खरे काका पाहावेत ते उपवासकाळात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस भरतात 46, उपास मात्र 40, कारण मधले रविवार उपासात धरत नाहीत. हा हिशेब काकांना तोंडपाठ आहे आणि रविवारची बिर्याणीही चुकत नाही. उपास करणाऱ्याने तोंड धुवावे, डोक्याला तेल लावावे, लोकांना कळू देऊ नये, असे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. काका ते अक्षरशः पाळतात. एरवी भुरभुरणारे केस त्या दिवसांत चपचपीत. फिल्टर कॉफी पुढे केली की हात आडवा करतात आणि 'का हो?' असे आपण विचारायची वाट पाहतात. आपण मुद्दाम विचारले नाही, तर कपाळावर आलेला तेलाचा ओघळ रुमालाने टिपत म्हणतात, "मत्तय सहा."

त्यांच्या पणजोबांनी म्हणे रेव्हरंड टिळकांचे कीर्तन ऐकले होते. तेवढ्यावर चार पिढ्यांचे भागले. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा. 1917 साली, म्हणजे बावीस वर्षांनी, त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडून ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' मांडला. आपण पोचलो असे त्या माणसाला तेव्हाही वाटत नव्हते. हे सांगितले तर काका म्हणतात, "कवी होते हो ते." टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' काकांच्या काचेच्या कपाटात आहे, पण नवऱ्याचा तापटपणा आणि स्वतःची फजिती बाईंनी इतकी उघडी करायला नको होती, असे त्यांचे मत. मला विचाराल तर बाईंचे ते स्वतःवरचे हसणे काकांच्या सगळ्या वह्यांना भारी आहे.

पवित्र गुरुवारी पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. गेल्या वर्षी काका बारावे होते. पाळकसाहेब घंगाळ घेऊन गुडघ्यांवर बसले आणि काकांनी पाय मागे ओढला. "नाही, नाही, मी पात्र नाही!" पाळकसाहेबांच्या गळ्याशी माइक होता, त्यामुळे काकांची अपात्रता रस्त्यापर्यंत ऐकू गेली. नकार पेत्रानेही दिला होता, पण प्रभूने समजावताच तो वळला. काकांना वळवताना ऑर्गनवाल्याने एकच गीत तीनदा वाजवले. त्याच रात्री 'सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही' असे म्हणालेला पेत्र कोंबडा आरवला तेव्हा भानावर आला. काकांची तीही सोय नाही. त्यांच्या मॉस्क रोडवर कोंबडे भेटतात ते शिगेवर. शेवटी पाय पुढे आला: नखे ताजी कापलेली, टाचा घासलेल्या, वर पावडर. पाणी पडताच घंगाळात पांढरी साय धरली.

यंदा पाळकसाहेबांनी बारा नावे चिठ्ठ्या टाकून काढायचे ठरवले आहे. काकांनी सर्वांआधी उभे राहून पाठिंबा दिला, 'माझे नाव घालू नका' असेही मोठ्याने सांगितले, आणि चिठ्ठ्या लिहिण्याचे काम मागून घेतले. डबा सध्या त्यांच्याच घरी आहे. ज्यांना आपले नाव हवे असेल त्यांनी त्यांना संध्याकाळी जाऊन भेटावे, आणि डोक्याला तेल दिसले तर कारण जरूर विचारावे.