बाविसांतले काकाजी

गावात ज्याचा त्याचा एक मान असतो. कोणी माजी सरपंच असतो, कोणाच्या ओसरीवर आमदार एकदा चहा पिऊन गेलेले असतात, कोणाचा जावई फौजदार असतो. आमच्या काकाजींचा मान या कुठल्याच खात्यात बसत नाही. त्यांच्यावर संशोधन झालेलं आहे. तेही दवाखान्यात नव्हे, घरी. स्वतःच्या बाजेवर, स्वतःच्या बनियनमध्ये.

वाशीम जिल्ह्यात रिसोड-मालेगावच्या पट्ट्यातलं गाव. सात एकर सोयाबीन आणि तूर, एक म्हैस, दोन मुलं. थोरला चाकणला कंपनीत, धाकटा शेतावर. ‘तब्येत कशी हाय काकाजी?’ असं कोणी रस्त्यात विचारलं, तर चारचौघांसारखं ‘बरी हाय’ म्हणून ते मोकळे होत नाहीत. ‘कवाची सांगू? सकायची का आत्ताची?’ असं उलट विचारतात. विचारणारा बहुधा सायकलवर असतो, तो उतरत नाही.

या सगळ्याला सुरुवात झाली २०१५ साली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हे १९९२-९३ पासून चालत आलेलं काम. त्याचा कारभार मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे. त्याची चौथी फेरी २०१५-१६ ची, आणि याच फेरीत पहिल्यांदा प्रत्येक जिल्ह्याचे आकडे वेगळे निघणार होते. वाशीम तर १९९८ सालीच अकोल्यातून वेगळा झालेला. पण आमच्या रक्ताचा, वजनाचा, उंचीचा हिशेब स्वतंत्र व्हायला ही फेरी उजाडावी लागली. काकाजींच्या मते जिल्हा खरा तेव्हा झाला.

आधी दोन माणसं येऊन घरांची यादी करून गेली. चौकटीवर मार्करनं नंबर टाकला. मग त्या यादीतून ठरावीक अंतरानं बावीस घरं निवडली गेली. त्यात काकाजींचं घर आलं. इतकंच नाही, पुरुषांची मुलाखत फक्त थोड्या घरांत व्हायची, शंभरातल्या पंधराएक घरांत. त्यातही ते आले. वयाची अट १५ ते ५४, आणि काकाजी त्रेपन्न वर्षांचे. लग्नाच्या वेळीसुद्धा इतक्या गोष्टी एकदम जुळून आल्या नव्हत्या. तो चौकटीवरचा नंबर अजून आहे. दिवाळीत रंगारी येतो, तेव्हा काकाजी त्याच्या शेजारी उभे राहून तेवढी चार बोटं जागा सोडवून घेतात.

सर्वेवाली पोरगी विशी-बाविशीची. तिनं छोटा संगणक मांडीवर घेतला आणि आधी संमतीचा मजकूर वाचून दाखवला. भाग घेणं ऐच्छिक आहे, नको त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका, मुलाखत मध्येच थांबवू शकता, सांगितलेलं सगळं गुप्त राहील. काकाजींना यातलं एकही कलम पटलं नाही. ‘मधीच कायले उठू बाई? अन् गुपित कायले ठेवता? लिहा ना बिनधास्त नाव.’ ती म्हणाली, नाव कुठंच छापत नाहीत. हा घाव अजून भरलेला नाही.

प्रश्न सुरू झाले. घराची फरशी कशाची, छप्पर कशाचं, स्वयंपाक कशावर, घरात गादी आहे का, खुर्ची आहे का, प्रेशर कुकर आहे का. दर प्रश्नाला काकाजी उठून ती वस्तू आणून दाखवत. कुकर आणला तो वरणासकट. मग पोरीनं रोजच्या वापरातलं मीठ मागितलं. चिमूटभर मिठावर बाटलीतला थेंब टाकला, आणि मीठ जांभळं झालं. आयोडीन आहे, इतकंच ती म्हणाली. पण काकाजींनी तो रंग असा पाहिला की जणू निकाल पहिल्या श्रेणीत लागला. त्या दिवसापासून आजतागायत घरात मिठाची पुडी बदललेली नाही.

‘तंबाखू खाता?’ या प्रश्नाला मात्र गाडी अडली. गालात खर्रा होता. काकाजींनी बोट वर करून एक मिनिट मागितलं, अंगणात जाऊन आले, मिशी पुसली आणि म्हणाले, ‘कधीमधी.’ पोरीनं त्यांच्याकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं आणि निमूट बटण दाबलं. कोणतं दाबलं, ते देवनारला माहीत.

मग उंची, वजन, रक्तदाब, बोटाला टोचून रक्ताचा थेंब. ते बोट काकाजी अजूनही लोकांना दाखवतात. त्यावर काहीही दिसत नाही, पण लोक ‘हो, हाय जरासं’ म्हणतात.

खरा प्रसंग पुढंच घडला. काकूंचं वय अठ्ठेचाळीस, म्हणजे बायकांच्या १५ ते ४९ या अटीत त्याही बसत होत्या. आणि त्यांची मुलाखत एकांतातच घ्यायची, असा नियम. पोरीनं काकाजींना नम्रपणे बाहेर जायला सांगितलं. स्वतःच्या घरातून! काकाजी निंबाखाली बसले. दार लोटलेलं. आत काकू बोलत होत्या, थांबत होत्या, पुन्हा बोलत होत्या. काकाजींची मुलाखत झाली त्याहून ही बरीच लांबली. बाहेर आल्यावर काकाजींनी विचारलं, ‘काय विचारलं तुले?’ काकू म्हणाल्या, ‘जे विचारलं ते सांगतलं.’ त्यानंतर कितीतरी वर्षं गेली, पण एवढंच उत्तर मिळतं. घरचे निर्णय कोण घेतं, नवरा कसा वागतो, असंही त्यात विचारतात, हे काकाजींना पुढं तालुक्याला एका मास्तरानं सांगितलं. तेव्हापासून बाजारातून आल्यावर पिशवी ते स्वतः आत नेऊन ठेवतात. सर्वेक्षणाचा समाजावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास कोणी करत असेल, तर ही नोंद घ्यावी.

आता काकाजींना हे एवढं का लागलं? तर त्यांना कोणी काही विचारतच नाही. पेरणीचं धाकटा ठरवतो, पैशाचं थोरला फोनवर ठरवतो, भाजीचं काकू ठरवतात. ग्रामसभेत ते हात वर करतात, तेव्हा सभा संपलेली असते. अशा माणसाकडे एक दिवस कोणीतरी येऊन तास-दीड तास फक्त त्याच्याबद्दल विचारतं, आणि तो बोलेल ते लिहून घेतं! देवळात इतकी वर्षं घंटा वाजवली, तिथंही ही सोय नव्हती.

जिल्ह्याचं पत्रक निघालं, तेव्हा काकाजींनी सेवा केंद्रावरून त्याची छापील प्रत काढून आणली. इंग्रजी ओळींखाली मास्तरांकडून मराठी लिहून घेतलं. पुरुषांच्या रक्तदाबाच्या ओळीवर बोट ठेवून ते पाहुण्यांना सांगत, ‘याच्यात मी हाय.’ पाहुणा विचारी, ‘जास्तवाल्यात का बरोबरवाल्यात?’ काकाजी म्हणत, ‘ते गुप्त असते.’

इतकं सगळं सुखात चाललेलं असताना साडूभाऊंनी घात केला. ते पल्याडच्या जिल्ह्यातले. २०१७-१८ मध्ये त्यांच्याकडे दुसरंच सर्वेक्षण आलं, वृद्धत्वाचं. ‘लासी’ म्हणतात त्याला. तेही देवनारचंच, सोबत अमेरिकेतली हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया ही विद्यापीठं. पंचेचाळीसच्या पुढची माणसं, देशभरातली बहात्तर हजारांवर. साडूंनी फोनवर सांगितलं की, त्यांची मुठीची ताकद यंत्रावर मोजली, चालण्याचा वेग मोजला, दहा शब्द वाचून दाखवले आणि म्हणायला लावले, मग थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारले. विसापासून उलटे आकडे मोजायला सांगितले. एका मिनिटात आठवतील तितक्या जनावरांची नावं घ्या म्हणाले, तेव्हा साडूंनी गाय, कालवड, गोऱ्हा, वगार, हेला असा सगळा गोठाच मोकळा सोडला. आणि सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट म्हणजे ते लोक काही वर्षांनी पुन्हा याच साडूंकडे येणार. या अभ्यासाची रीतच तशी आहे, तीच माणसं वर्षानुवर्षं पाहायची.

काकाजींचं सर्वेक्षण मात्र दर फेरीला नवी घरं निवडतं. एकदा येऊन गेलं की गेलं.

त्या रात्री काकाजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून घरीच तयारी सुरू झाली. विसापासून उलटे आकडे ते म्हशीची धार काढताना म्हणू लागले. दहा शब्द काकूंनी सांगायचे आणि काकाजींनी संध्याकाळी म्हणून दाखवायचे. काकूंनी दहा शब्द सांगितले: तेल, साखर, चहापत्ती, जिरं, हळद, साबण, काडेपेटी, गूळ, पोहे, शेंगदाणे. काकाजींना ते सगळे संध्याकाळी आठवले, पण दुकान बंद झालेलं होतं.

समजूत घालायला मास्तर आले. त्यांनी सांगितलं, अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. १९४८ पासून तिथल्या पाच हजार दोनशे नऊ माणसांना डॉक्टर दर दोन वर्षांनी तपासत आले. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वाढलं की हृदयाला धोका, हे जगाला त्या लोकांमुळं कळलं. इतक्या लांब कशाला, आपल्या विदर्भातच गडचिरोलीत बंग डॉक्टर नवरा-बायकोंनी एकोणचाळीस गावांतल्या बायकांना घरच्या घरी नवजात बाळ सांभाळायला शिकवलं आणि सत्तेचाळीस गावं तुलनेसाठी ठेवली. बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत बासष्ट टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी अशा बेचाळिसाव्या दिवसापर्यंत फेऱ्या मारते, त्याचं मूळ तिथं आहे.

काकाजींनी हे लक्ष देऊन ऐकलं. ‘म्हंजे त्या सत्तेचाळीस गावांत कोनी काही केलं नाई, निसतं मोजलं?’ त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, ‘हो. पण ते मोजलं नसतं, तर बाकीच्या गावांचं खरं कोणी मानलं असतं?’ काकाजी गप्प झाले. मग म्हणाले, ‘तवा त्याहीचंबी नाव कुठंच नसन.’ फ्रेमिंगहॅमची आणि गडचिरोलीची माणसं त्या दिवशी काकाजींच्या भावकीत आली. सुनेच्या बाळाला तपासायला आशाताई आली, की बाळाचं वजन होईस्तोवर काकाजीही बाही वर करून रांगेत बसू लागले.

२०१९ साली पाचवी फेरी आली. घरं पुन्हा मोजली गेली, निवड झाली, आणि काकाजींचं घर राहून शेजाऱ्याचं लागलं. शेजारी म्हणजे कोण, तर ज्याच्याशी त्यांचा धुऱ्याचा वाद तहसिलीत धूळ खात पडलेला तो! काकाजी पथकाच्या सुपरवायझरला भेटले. ‘मले अनुभव हाय,’ म्हणाले. सुपरवायझर म्हणाला, बदली घर चालत नाही, लागलं तेच घर घ्यावं लागतं. शिवाय पुरुषांची मुलाखत चोपन्नपर्यंतच, तुम्ही सत्तावन्नचे. हां, रक्तदाब मात्र या वेळी पंधराच्या वरच्या सगळ्यांचाच मोजतो. निवडलेल्या घरातले आणि आदल्या रात्री तिथं मुक्कामाला असलेले पाहुणे, सगळ्यांचा.

शेजारी त्या दिवशी सोयाबीन सोंगायला गेलेला. पथक म्हणालं, उद्या सकाळी येतो.

रात्री नऊ वाजता काकाजी उशी आणि सोलापुरी चादर घेऊन शेजाऱ्याच्या ओसरीवर हजर झाले. शेजाऱ्याला वाटलं, वाद मिटवायला आले. त्यानं चहा केला. काकाजी चहा पिऊन, धुऱ्याबद्दल चकार शब्द न काढता, भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी पोरीनं विचारलं, ‘काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?’

‘मी,’ ओसरीवरून आवाज आला.

‘कुटुंबप्रमुखाशी नातं?’

शेजारी म्हणाला, ‘नातं कायचं? दावा हाय आमचा.’ तिच्या यादीत दावा नव्हता. तिनं ‘नातं नाही’ नोंदवलं.

रक्तदाब पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं तीनदा मोजायचा होता. पहिला मोजला. मधल्या पाच मिनिटांत शेजारी सहज म्हणाला, ‘पन काकाजी, तो बाभळीपासचा धुरा आमचाच बरं का.’ दुसरा मोजला. मधल्या पाच मिनिटांत काकाजींनी त्याला सात-बारा, मोजणीची खूण आणि त्याच्या आजोबांचा इतिहास ऐकवला. तिसरा आकडा पाहून पोरीनं दोघांनाही डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं.

पुढं जिल्ह्याचं नवं पत्रक आलं. काकाजी ते घेऊन पारावर बसले आणि रक्तदाबाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘याच्यात जेवढं वाढेल दिसते, ते समदं वाशीम जिल्ह्याचं नोका समजू. त्यात एक आकडा त्या बाभळीपासच्या धुऱ्याचा हाय.’